दोन चाव्यांचे कुलूप



बँकेच्या लॉकरचा व्यवहार बहुतेक घरांना परिचित आहे. लॉकरला दोन चाव्या लागतात. एक बँकेकडे, दुसरी खातेदाराकडे. दागिन्यांबाबत अशी दक्षता घेणारा गृहस्थ आपले ई-मेल खाते मात्र एकाच चावीच्या भरवशावर सोडतो. ती चावी म्हणजे पासवर्ड.

पासवर्ड चोरण्यासाठी चोराला घरात शिरावे लागत नाही. एकच पासवर्ड पाच ठिकाणी वापरला आणि त्यांपैकी एका ठिकाणाहून तो फुटला, तर उरलेली चार दारेही उघडी पडतात. म्हणूनच दुसऱ्या चावीची योजना झाली. ओळख पटविण्याची साधने तीन प्रकारची असतात : माणसाला ठाऊक असलेली गोष्ट, त्याच्या जवळ असलेली वस्तू आणि बोटाचा ठसा किंवा चेहरा यांसारखी देहाची खूण. यांतील भिन्न प्रकारची किमान दोन साधने मागणे, हीच बहुस्तरीय पडताळणी होय. एटीएममध्ये कार्ड आणि पिन दोन्ही लागतात, ते याच तत्त्वाने. इंटरनेटवरील कार्ड व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून अतिरिक्त पडताळणी बंधनकारक केली आणि ओटीपी घरोघरी पोहोचला.

तथापि, चावी स्वहस्ते परक्याला दिली तर कुलूप काय करणार? "खाते बंद होणार आहे, आलेला क्रमांक सांगा," असा दूरध्वनी येतो. वृद्ध गृहस्थ घाबरतात, भिडेपोटी क्रमांक सांगतात आणि आयुष्याची पुंजी काही क्षणांत निघून जाते. ओटीपी विचारणारा कोणीही असो, तो सांगू नये, हा नियम प्रत्येक घराने पाळावा.

प्रारंभ ई-मेलपासून करावा. कारण इतर अनेक खात्यांचे पासवर्ड तेथूनच बदलता येतात. त्यानंतर व्हॉट्सॲपचा सहा अंकी पिन ठेवावा. ठकाने आपल्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळविल्यास एसएमएसचा ओटीपी त्याच्या हाती पडतो. म्हणून सोय असेल तेथे ऑथेंटिकेटर ॲप वापरावे. त्यातील क्रमांक साधारणतः दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला नेटवर्क लागत नाही. मात्र तो क्रमांकही कोणास सांगू नये. फोन हरवल्यास उपयोगी पडणारे राखीव संकेतांक कागदावर लिहून कपाटात ठेवावेत.

संस्थांनीही हा विचार करावा. दानपेटी एकट्याने उघडू नये, ही जुनी शिस्त आहे. तीच शिस्त संस्थेच्या बँक खात्यालाही हवी. एकाने व्यवहार नोंदवावा, दुसऱ्याने मंजूर करावा. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल एकाच कर्मचाऱ्याच्या हाती राहिला, तर दोन चाव्या असूनही कुलूप एकाचेच होते.

फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेस कळवावे. विलंब झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. घरातील तरुणांनी आजी-आजोबांजवळ बसून ही दुसरी चावी लावून द्यावी, आणि ती कोणासही का द्यायची नाही, हेही समजावून सांगावे. फसलेल्या ज्येष्ठाला दोष देऊ नये. रागावणाऱ्या घरात पुढची फसवणूक लपविली जाते.