घर बदलायचंय? पहिल्या रात्रीपासून उलटं मोजत या



मी लष्करातून 2014 साली कर्नल म्हणून निवृत्त झालो. नोकरी 32 वर्षांची, आणि त्यात घरं झाली 19. जोधपूर, झाशी, बेळगाव, भटिंडा, तेजपूर, यादी लांब आहे. सध्या सिकंदराबादेत कायमचा मुक्काम आहे. कायमचा हा शब्द माझी पत्नी अजूनही जरा जपूनच वापरते.

या मालिकेत फौजी माणूस बोलायला उभा राहिला की सीमेवरचं काहीतरी ऐकायला मिळणार, अशी अपेक्षा असते. आज ते नाही. आज विषय आहे घर हलवण्याचा. मला ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली अशा ठिकाणी आहेत. कुणाची बदली होते, कुणी मुलांकडे राहायला जातं, कुणी गावाकडच्या आईवडिलांना आपल्याकडे घेऊन येतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर नेणं हा आपल्यातल्या अनेकांच्या वाट्याला येणारा प्रसंग आहे, आणि तो आपण बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उरकतो.

फौजेत कुठलीही हालचाल आखताना उलटं मोजतात. अमुक दिवशी अमुक वेळेला अमुक ठिकाणी हजर असायचं आहे, हे आधी ठरतं. मग आदल्या दिवशी काय झालेलं हवं, त्याच्या आधीच्या आठवड्यात काय, असं मागे मागे येतात. त्या ठरलेल्या दिवसाला डी-डे म्हणतात. घर हलवताना लोक ट्रक भरण्याच्या दिवसाला डी-डे समजतात. माझं म्हणणं असं की डी-डे आहे नव्या घरातली पहिली रात्र. त्या रात्री घरातलं प्रत्येक माणूस जेवलेलं, औषध घेतलेलं आणि आपल्या अंथरुणावर झोपलेलं असलं पाहिजे. एवढं साधलं तर बाकीची खोकी महिनाभर उघडली नाहीत तरी काही बिघडत नाही.

आणि ही आखणी घरातल्या सगळ्यात नाजूक माणसापासून सुरू करायची. लहान मूल असेल तर त्याच्यापासून, म्हातारं माणूस असेल तर त्याच्यापासून.

2019 साली आम्ही माझ्या आईला बडोद्याहून सिकंदराबादला आणलं. वय 84. दांडिया बाजारातल्या त्या घरात ती लग्न होऊन आली होती. माझी 19 घरं झाली, तिचं हे पहिलंच स्थलांतर. मी वही पेन घेऊन बसलो आणि सामानाची यादी करायला लागलो. ती म्हणाली, "सामानाचं राहू दे रे, रात्री उठले तर मोरी कुठल्या बाजूला, ते सांग."

बडोद्याला पलंगावरून उठलं की डाव्या हाताला बाथरूम. गेली कित्येक वर्षं अंधारात, झोपेत, तिचे पाय डावीकडे वळत होते. नव्या घरी आम्ही पलंग असा लावला की बाथरूम डाव्या हातालाच येईल. त्यासाठी कपाटाची जागा बदलावी लागली, खोली थोडी विचित्र दिसते, दिसू दे. आई पोचण्याच्या आठ दिवस आधी बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवला आणि वाटेवर रात्रीचा छोटा दिवा. या वयात पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतं. नव्या घरात, अनोळखी वाटेवर, हा धोका पहिल्या काही रात्रींमध्येच जास्त असतो. म्हणून या गोष्टी पोचल्यावर करायच्या नसतात, आधी करायच्या असतात. फौजेत याला अ‍ॅडव्हान्स पार्टी म्हणतात. चार माणसं आधी जाऊन पाणी, वीज, जागा बघून ठेवतात. घरातलं एक माणूस दोन दिवस आधी नव्या घरी गेलं तर निम्मं काम झालं असं समजा.

आता सामान. ट्रकचं भाडं अंतरावर आणि जागेवर ठरतं. म्हणजे जी वस्तू तुम्ही ठरवत नाही, तिचंही भाडं तुम्ही देता. डी-डेच्या 45 दिवस आधी घर फिरून तीन याद्या करा: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. 'नंतर बघू' ही चौथी यादी करायची नाही. नव्या घराची मापं हातात ठेवा. सोफा लिफ्टमध्ये मावतो का, कपाट जिन्यावरून वळतं का, हे टेपने मोजा. पडद्यांबद्दल मी काही बोलत नाही. 19 घरांत एकाही घराचे पडदे पुढच्या घराला लागले नाहीत.

वडीलधाऱ्यांच्या वस्तूंची यादी मात्र त्यांना स्वतः करू द्या. आम्ही आईला सांगितलं की मोठ्या वस्तू पाच, कुठल्या ते तू ठरव. तिने शिसवी पाट, शिवणाचं मशीन, देवघर, स्वतःची आरामखुर्ची आणि लोणच्याच्या दोन बरण्या निवडल्या. बरण्या मोठ्या वस्तूंत कशा बसतात हे मी विचारलं नाही. तांब्याचा बंब राहणार असं आम्हाला वाटत होतं, तो तिने आपणहून शेजारच्या सुनेला दिला. देव ट्रकमधून जाणार नाहीत, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं. ते तिच्या पिशवीतून, तिच्या मांडीवर आले. आमच्याकडे युनिट हललं की युनिटचं मंदिरही हलतं, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. आपण काय सोडतोय हे ज्याचं त्याने ठरवलं की नव्या घरात त्याला उपरं वाटत नाही. आपण परस्पर टाकलेली वस्तू मात्र वर्षभर आठवत राहते.

खोकी भरताना एकच पद्धत ठेवा. फौजी घरात काळ्या ट्रंका असतात, त्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. तुम्ही पुठ्ठ्याची खोकी घ्या, पण नंबर घाला. वरच्या बाजूला लिहू नका, दोन आडव्या बाजूंना लिहा, कारण एकावर एक रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. नंबर, आणि नव्या घरातली खोली. आत काय आहे ते वहीत. 'किचन, मौल्यवान' असं खोक्यावर लिहून सगळ्या गावाला सांगू नका. पुस्तकं लहान खोक्यांत भरा, मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की ते उचलणाऱ्याची कंबर जाते. उतरवताना दाराशी एक माणूस वही घेऊन उभं राहील आणि प्रत्येक नंबरावर खूण करेल. खूण पूर्ण होईपर्यंत ट्रकवाल्याच्या कागदावर सही नाही.

पॅकर्स-मूव्हर्स निवडताना फोनवरच्या भावावर जाऊ नका. माणूस घरी येऊन सामान बघून गेला पाहिजे, आणि भाव लेखी हवा. किती मजले, लिफ्ट आहे का, पॅकिंग कुणाचं, उतरवून जोडून देणार का, जीएसटी धरून किती, सगळं त्यात हवं. तिघांकडून घ्या. फारच स्वस्त भाव देणाऱ्यापासून सावध राहा. सामान गाडीत चढलं की वाटेत ट्रक थांबवून जादा पैसे मागायचे, हा प्रकार आपल्या देशात सर्रास चालतो. म्हणून सगळे पैसे आगाऊ देऊ नका, ठळक रक्कम सामान मिळाल्यावर. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

बिल्टी घ्याच. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे तुम्ही मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित असते. आणि नुकसान झालं तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावा टिकत नाही. विमा वेगळा घ्या आणि त्याचा पॉलिसी नंबर असलेला कागद मागा. कोटेशनवर 'इन्शुरन्स तीन टक्के' अशी ओळ म्हणजे विमा नव्हे. घरगुती वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही, पण सामानाची यादी आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत ड्रायव्हरजवळ असू द्या. नाक्यावर त्याचा आणि तुमचा वेळ वाचतो.

कागदपत्रांत गॅसपासून सुरुवात करा. शेगडी आपली, सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीचे. दुसऱ्या शहरात जाताना ते एजन्सीत जमा करून ट्रान्स्फर व्हाउचर घ्यायचं आणि तिकडे ते दाखवून जोडणी घ्यायची. म्हणजे दोन्ही घरी मिळून काही दिवस गॅस नसणार. गृहप्रवेशाचा मुहूर्त बघणाऱ्यांनी जरूर बघावा, पण दूध उतू घालवायला इंडक्शनची शेगडी हाताशी ठेवावी.

गाडीचं काम लांबतं, म्हणून लवकर हाती घ्या. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची असेल तर तिथे पुन्हा नोंदणी लागते. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, नव्या राज्याचा रोड टॅक्स, आणि मग जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज. ज्यांची सतत बदली होते त्यांच्यासाठी 2021 पासून बीएच मालिकेचा नंबर आहे. सैन्यातले, सरकारी नोकर, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांतले कर्मचारी तो घेऊ शकतात. मतदार यादीसाठी फॉर्म 8. पेन्शनरांनी बँक बदलण्याची घाई करू नये, हयातीचा दाखला आता जीवन प्रमाणवर कुठूनही देता येतो.

शेवटच्या दोन दिवसांत यंत्रं. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद, बर्फ वितळू द्या, पुसून कोरडा करा. तो उभाच न्यायचा आणि पोचल्यावर काही तास उभा ठेवून मग चालू करायचा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागचे ट्रान्झिट बोल्ट लावायला सांगा, नाहीतर आतला ड्रम हिसके खातो. इन्व्हर्टरची बॅटरी उभी. दागिने, मूळ कागद, लॅपटॉप ट्रकमध्ये नाही.

घर भाड्याचं असेल तर रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा आणि विजेच्या मीटरचा फोटो घ्या. आमच्याकडे क्वार्टर सोडताना एमईएसचा माणूस यादी घेऊन पंखे, नळ, बल्ब मोजतो. त्याला मार्चिंग आउट म्हणतात. बल्ब मोजणं हास्यास्पद वाटतं, पण डिपॉझिट परत मिळवताना अशीच यादी कामाला येते.

आता पहिल्या रात्रीची पेटी. ती ट्रकमध्ये जात नाही, तुमच्याबरोबर जाते. मोठ्या शहरांत जड वाहनांना दिवसा बंदी असते, सोसायटीच्या लिफ्टच्या वेळा असतात, त्यामुळे ट्रक उशिरा येणार हे धरूनच चाला. पेटीत चादरी, टॉवेल, दोन बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर, पातेलं, इंडक्शन, चहा-साखर, मेतकूट-भात होईल एवढा तांदूळ, स्क्रू-ड्रायव्हर आणि झाडू. औषधं महिनाभराची. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण आपली कंपनी तिकडच्या दुकानात मिळेलच असं नाही. जवळचं रात्री उघडं असणारं हॉस्पिटल कुठलं, हे नकाशावर पाहून ठेवा.

आणि एक छोटा कार्ड. आईच्या बटव्यात आम्ही तेलुगू लिपीत नवा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहून ठेवले. भाषा येत नसलेल्या शहरात म्हातारं माणूस गेटबाहेर पडलं आणि चुकलं, तर मराठीतला पत्ता रिक्षावाल्याला वाचता येत नाही. तो कार्ड आईने तीनदा वापरला. एकदा चुकली म्हणून, आणि दोनदा भाजीवालीला 'मी इथे राहते' हे सांगायला.

आमचा ट्रक दुसऱ्या दिवशी पोचला. पहिल्या रात्री आईने वरण-भात खाल्ला, गोळ्या घेतल्या, देवांना पाटावर बसवलं आणि पलंगावर आडवी झाली. रात्री दोनदा उठली. दोन्ही वेळा डावीकडे वळली.

तुमचं घर हलणार असेल तर आज एक कागद घ्या. वर नव्या घराचा पत्ता आणि तारीख लिहा. खाली घरातल्या प्रत्येकाचं नाव, आणि त्या रात्री त्याला काय लागेल ते. मग मागे मोजत या.

जय हिंद.