इतिहासाच्या तासाला एक जुने पुस्तक

माध्यमिक शाळेत इतिहास हा विषय बहुधा पाठांतराच्या वाटेनेच जातो. १८५७ च्या उठावाची कारणे कोणती आणि परिणाम कोणते, हे विद्यार्थी घडाघडा सांगतो. परंतु त्या धामधुमीत ज्यांच्या घरांवर तोफेचे गोळे पडले ती माणसे कशी जगली, याची त्याला कल्पना नसते. परीक्षा संपली म्हणजे पाठ केलेली कारणेही विस्मरणात जातात. ही उणीव भरून काढण्यास अभिजात साहित्य किती उपयोगी पडते, हे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथावरून ध्यानात येते.

विष्णुभट हे पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते १८५७ साली चुलत्यांसह उत्तर हिंदुस्थानात निघाले. वाटेत उठावाची वार्ता कानी आली, तरी ते परतले नाहीत. पुढे झाशीस पोहोचले आणि १८५८ च्या वेढ्यात सापडले. ही हकीकत त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढली व चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली प्रसिद्ध केली.

आता वर्गाकडे वळावे. शिक्षकाने प्रथम फळ्यावर नकाशा काढावा. १ एप्रिल १८५८ रोजी बेटवा नदीकाठी तात्या टोपे यांचा पराभव झाला आणि ३ एप्रिलला सर ह्यू रोजची फौज झाशी शहरात शिरली, एवढे सांगून मग वेढ्याची निवडक पाने मोठ्याने वाचावी. गोळ्यांचा भडिमार, फौज शिरल्यावरची कत्तल, आगी व लूट, आणि जीव मुठीत धरून लपलेला हा प्रवासी मुलांपुढे उभा राहतो. काल्पीच्या वाटेवर तहानेने व्याकूळ झालेली राणी विहिरीपाशी भेटते, तेथे वर्ग स्तब्ध होतो. पाठ्यपुस्तकातील एक ओळ अशी सजीव होते.

परंतु केवळ हृदय हेलावले म्हणजे इतिहास समजला, असे नव्हे. वाचन संपताच शिक्षकाने विचारावे: यांपैकी लेखकाने स्वतः पाहिले काय, आणि ऐकले काय? झाशीत जून १८५७ मध्ये इंग्रज स्त्रीपुरुषांची व मुलांची हत्या झाली, तेव्हा विष्णुभट तेथे नव्हते. तो मजकूर ऐकीव आहे. एप्रिल १८५८ चा संहार मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिला. हा भेद मुलांनी स्वतः हुडकून काढला पाहिजे. ऐकीव मजकूर म्हणून तो टाकाऊही ठरत नाही. सरकार आपला धर्म बुडविणार, या अफवेवर लोकांचा विश्वास बसला होता, ही गोष्ट इतिहासच होय. बातमी खोटी असेल. तिने उत्पन्न केलेले भय खरे होते.

याच ग्रंथातून आणखी एक धडा घेता येतो. वैद्यांनी छापताना भाषेत व मजकुरात फेरफार केले होते. पुढे दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली नवी आवृत्ती काढली. दोन्हींतील एकच प्रसंग शेजारी ठेवून वाचला, तर परकीय सत्तेखाली छापताना काय वगळावेसे वाटले असेल, याचा तर्क मुले करू लागतात. छापलेले सारेच अंतिम नसते, हे त्यांना उपदेशावाचून उमगते.

एवढ्यासाठी तास कोठून काढावा, अशी शंका शिक्षकांस येणे साहजिक आहे. सबंध ग्रंथ वाचण्याचे कारण नाही; पाच-सहा पाने आणि दोन तास पुरेत.

ज्या द्रव्यासाठी विष्णुभट निघाले, ते वाटेत लुटले गेले. अखेर गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन ते आईवडिलांपाशी परतले. सनावळीत या कावडीला जागा नाही. पण ती ज्याच्या ध्यानात राहील, तो विद्यार्थी १८५७ हे साल विसरणार नाही.