हे आमच्यासाठी का वहीसाठी?

(कल्याण येथे महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणातून)



काही वर्षांपूर्वी कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत मी आरोग्य-पाहणीचा फॉर्म भरून घेत होते. समोर चाळिशीच्या एक घरकामगार बाई. मुलं किती, पाळी कशी, अंगावरून पांढरं जातं का? त्यांनी सगळं सांगितलं. मग विचारलं, "ताई, हे आमच्यासाठी का तुमच्या वहीसाठी?"

एम.एस.डब्ल्यू. करताना हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं उत्तर 'वहीसाठी' असंच होतं. त्या पाहणीतून काय निघालं हे सांगायला आम्ही पुन्हा वस्तीत गेलोच नाही. ही चूक माझीही आहे.

आता जवळचंच एक मोठं उदाहरण पाहू. १९९८ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत एक अभ्यास सुरू केला. वस्त्यांचे २० गट, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बाया. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली. ती डॉक्टरांनी नव्हे, तर दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली. व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक ॲसिड पातळ करून लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहायचं. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

म्हणजे आपल्या वस्तीतली बाई दुसरीचा जीव वाचवू शकते. हे मोठंच काम झालं.

पण उरलेल्या निम्म्या गटांचं काय? त्यांना सुरुवातीला एकदा आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी नाही. त्यांच्यातल्या मृत्यूंशी तुलना करूनच हे ३१ टक्के निघाले. २०१४ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी यावर कडक आक्षेप घेतला. तेव्हा सरकारी सेवेत अशी तपासणी नव्हतीच, असं संशोधकांचं म्हणणं होतं. ते खरंही आहे. पण गरीब बाईला एरवीही काही मिळत नाही, म्हणून अभ्यासातही न मिळालं तर चालेल, हे आपण मान्य करायचं का? मला ते मान्य नाही.

आणखी एक आकडा. बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के बाया तपासणीला आल्या. पण डाग दिसलेल्यांपैकी पुढच्या तपासणीला ७९ टक्केच गेल्या. बाकीच्या का गेल्या नसतील? आपल्याकडची बाई कुठे अडते ते मला ठाऊक आहे. इथून परळ गाठायला लोकलने तासाहून अधिक. त्या दिवसाचा खाडा कोण भरून देणार? नवऱ्याला काय सांगायचं? सोबत कोण येणार? ही उत्तरं आपल्या मंडळांकडे आहेत.

आज सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बाईची ही तपासणी आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांत दोघींचीही ती कधी झालेली नव्हती.

म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कुणी अभ्यासाला किंवा शिबिराला आलं, की दार बंद करू नका. आधी बसवून विचारा. संमतीचा कागद आमच्या भाषेत वाचून दाखवाल का? शिबिर घरकामाच्या वेळेत का ठेवलंत? डाग दिसला तर पुढे कोण नेणार, खर्च कोणाचा? ज्यांना तपासणी देणार नाही, त्यांना काय देणार? निष्कर्ष सांगायला परत कधी येणार? तारीख लिहून घ्या.

भागीदारी म्हणतात ती हीच. नुसत्या बाया गोळा करून देणं म्हणजे भागीदारी नव्हे.

त्या बाईंना मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्याच वस्तीत आमची बैठक आहे. या वेळी वही त्यांच्याच हातात देणार आहे.