घरात कुणाची पॉलिसी आहे?



भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या मुलाखतीतून बाहेर आलेल्या उमेदवाराला रांगेतली बाकीची मुलं घेरतात आणि विचारतात, "पॉलिसीचं विचारलं का?" पुष्कळदा विचारलेलं असतं. घरात कुणाची पॉलिसी आहे, हप्ता किती, मुदत किती, नॉमिनी कोण? प्रश्न साधे, पण इथंच भलेभले अडखळतात. वर्षभराच्या चालू घडामोडी तोंडपाठ असलेल्या मुलाला आपल्या वडिलांची पॉलिसी मनीबॅक आहे की एन्डोमेंट, हे सांगता येत नाही. ती पॉलिसी घरातल्या कपाटात, लाइट बिलांच्या आणि सातबाऱ्याच्या फाइलमध्ये असते, आणि ती फाइल त्यानं कधी उघडलेली नसते.

हा प्रश्न वेळ काढायला विचारलेला नसतो. ज्याला उद्या शाखेत बसून लोकांच्या पॉलिसी हाताळायच्या आहेत, त्यानं निदान एक पॉलिसी आधी वाचलेली असावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

एलआयसीत अधिकारी होण्याचा रस्ता लांबचा. सहायक प्रशासकीय अधिकारी, म्हणजे मुलांच्या बोलण्यातला 'एएओ'. 2023 साली या पदाच्या 300 जागांची जाहिरात निघाली. आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा, शेवटी मुलाखत. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. पूर्वपरीक्षेत इंग्रजीचा भाग केवळ पात्रतेपुरता असतो. क्रमवारी लागते ती तर्कशक्ती आणि गणिताच्या 70 गुणांवर. मुख्य परीक्षेतलं इंग्रजी पत्र आणि निबंधसुद्धा पात्रतेपुरतेच. मराठी माध्यमातून शिकलेली कितीतरी हुशार मुलं 'इंग्रजी' हा शब्द वाचूनच अर्ज बाजूला ठेवतात. त्यांनी तो जरूर भरावा.

मुख्य परीक्षा 300 गुणांची, मुलाखत 60 गुणांची. अंतिम यादी या दोहोंच्या बेरजेवर लागते. म्हणजे एकूण गुणांतला सहावा हिस्सा त्या थोड्या मिनिटांच्या बोलण्यावर ठरतो.

मुंबईत मुलाखत असली की कोल्हापूरकडची मुलं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, परभणी-जालन्याकडची देवगिरीनं, अकोला-वर्ध्याकडची विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरतात. वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं, बॅगेत जपून आणलेला इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि निघायचं. पण पॅनेलपुढे जाण्याआधी आणखी एक टेबल लागतं, ते कागदपत्रांच्या पडताळणीचं. महाराष्ट्रातल्या उमेदवारांची खरी धांदल उडते ती तिथं.

कारण असं, की राज्याच्या भरतीसाठी काढलेला ओबीसीचा दाखला केंद्राच्या भरतीत चालेलच असं नाही. केंद्राचा नमुना वेगळा असतो, आणि जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. भटक्या-विमुक्तांचे वेगळे प्रवर्ग राज्यात आहेत. केंद्रीय भरतीत ते नाहीत. तिथं जातीचं नाव केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तरच लाभ मिळतो. मराठा समाजासाठी राज्यानं 2024 मध्ये केलेलं आरक्षणही केंद्राच्या भरतीला लागू नाही. तिथं निकषांत बसत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला कामी येतो. हे सगळं पदवीच्या वर्गात कुणी शिकवत नाही. सेतू केंद्रात अर्ज करतानाच 'केंद्राच्या नमुन्यातला' असं बजावून सांगावं, आणि तारीख जाहिरातीतल्या मुदतीत बसते का ते पाहावं. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा पार केलेल्या मुलीनं एका कागदापायी टेबलावरून हिरमुसून परतावं, यासारखं वाईट काही नाही.

मग आत बोलावणं येतं. समोर पॅनेल बसलेलं असतं. सुरुवात नाव, गाव, शिक्षण यांपासून होते. इंजिनिअर असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: इतकं शिकून विम्यात कशाला? इथं क्लासमध्ये घोटवलेली उत्तरं बाहेर पडतात. देशसेवा, समाजऋण, लहानपणापासूनचं स्वप्न. समोरच्यांनी सकाळपासून तेच ऐकलेलं असतं. स्थिर नोकरी हवी, 2023 च्या जाहिरातीत मूळ पगार 53,600 होता, घरची जबाबदारी आहे, आणि आकड्यांचं काम जमतं, असं सरळ सांगणाऱ्या मुलावर कुणी नाराज व्हायचं कारण नाही. क्लासवाल्यांनी उत्तरं पाठ करून घेणं थांबवलं, तर मुलांचं भलंच होईल.

महामंडळाचा इतिहास विचारतात, आणि मराठी मुलांना तो यायलाच हवा. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, ती आकाशवाणीवरून. 154 देशी कंपन्या, 16 विदेशी आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा 245 संस्था एकत्र आणून 1 सप्टेंबर 1956 ला महामंडळ उभं राहिलं. तोवर देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता.

पण उमेदवाराची खरी पारख होते ती इतिहासात नव्हे. पॅनेलमधला एखादा अधिकारी ग्राहक होतो आणि म्हणतो, "समजा, मी शेतकरी आहे. लग्नाआधी पॉलिसी काढली, नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव घातलं. पुढं लग्न झालं, दोन मुलं झाली, नाव बदलायचं राहून गेलं. उद्या मी गेलो, तर पैसे कुणाचे?"

घाईत उत्तर येतं, "नॉमिनीचे, सर."

ते अपुरं आहे. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण तेवढ्यानं तो मालक होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1983 मध्ये दिला. 2015 मध्ये विमा कायदा बदलला. आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं असेल, तर त्यांना लाभाचा हक्क मिळाला. भाऊ त्या यादीत नाही. म्हणजे या शेतकऱ्याचे पैसे भावाच्या हाती पडले, तरी त्यांवर हक्क कायदेशीर वारसांचा, बायको-मुलांचा. एवढं समजावून झालं, की चांगला उमेदवार आणखी एक वाक्य बोलतो: "काका, तुम्ही आजच नॉमिनी बदलण्याचा फॉर्म भरा, मी देतो." त्या वाक्यात तो अधिकारी झालेला असतो. अशा पॉलिसी आपल्या गावोगावच्या घरांत पडून आहेत, आणि शाखेच्या खिडकीवर खरोखरीची बाई जेव्हा मृत्यूचा दाखला घेऊन उभी राहते, तेव्हा हीच माहिती हाताशी लागते.

तीन वर्षं पूर्ण झाल्यावर पॉलिसीवर कोणत्याही कारणानं हरकत घेता येत नाही, हे विमा कायद्याचं 45 वं कलम. 1 ऑक्टोबर 2024 पासून एका वर्षाच्या हप्त्यानंतरही सरेंडर केल्यास काही रक्कम देण्याचा नियम. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्यावर येणं: हेही प्रश्न त्याच जातीचे. ग्राहक उद्या हेच विचारणार.

विकास अधिकाऱ्याच्या मुलाखतीचा बाज निराळा. गावाकडे ज्यांना 'डीओ साहेब' म्हणतात, ते हे. 2023 मध्ये देशभरात अशा 9,394 शिकाऊ जागा निघाल्या. त्यांचं काम एजंट नेमून त्यांना उभं करणं. त्यामुळं इथं प्रश्न तालुक्याचे निघतात. आठवड्याचा बाजार कोणत्या वारी, ऊसतोडीला किती घरं बाहेर जातात, बचत गट किती, शिक्षकांच्या पतसंस्थेत ओळख आहे का? शहरातल्या मुलाला जिथं घाम फुटतो, तिथं दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहिलेला मुलगा खुलून बोलतो. पुस्तकाबाहेरच्या शहाणपणाला गुण देणारी मुलाखत ती हीच.

आता मुलींविषयी. या नोकरीत बदली देशात कुठंही होते. तेव्हा "लांब जाल का?" हा प्रश्न योग्य आहे, फक्त तो मुलालाही विचारला पाहिजे. लग्न कधी करणार, सासरचे सोडतील का, हे प्रश्न बँका, विमा, खासगी कंपन्या अशा अनेक ठिकाणच्या मुलाखतींत मुलींच्या वाट्याला येतात. कामाशी त्यांचा संबंध नाही, ते बंद झालेच पाहिजेत.

याबाबतीतला एक निकाल आयुर्विमा महामंडळाशीच निगडित आहे. लेखी परीक्षा आणि मुलाखत उत्तीर्ण होऊन एक विवाहित तरुणी 1989 मध्ये सहायक म्हणून रुजू झाली. नेमणुकीच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये मासिक पाळीच्या तारखा, आधीची बाळंतपणं, गर्भपात अशा गोष्टी विचारलेल्या होत्या. पुढं तिनं बाळंतपणाची रजा घेतली, आणि परिवीक्षा काळातच तिला कमी करण्यात आलं. तिनं फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली, अशी बाजू मांडली गेली. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला पुन्हा कामावर घ्यायला लावलं, ते रकाने लाजिरवाणे असल्याचं म्हटलं आणि फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. आज वैद्यकीय तपासणीचा कागद हाती घेणाऱ्या प्रत्येक मुलीला या निकालाचा आधार आहे. तिला तो ठाऊक असायला हवा.

खालच्या पदांसाठीच्या मुलाखती केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या. महामंडळाची 2019 ची सहायकांची भरतीही मुलाखतीविना, लेखी परीक्षेवर झाली. तिथं वशिल्याची शंका उरली नाही, हे उत्तमच. अधिकाऱ्याच्या पदासाठी मात्र माणूस समोर बसवून बोलता येतं का, हे पाहणं गरजेचं आहे, असंच म्हणावं लागेल.

मुलं खरी पिचतात ती जाहिरातीची वाट पाहण्यात. कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना खुली असलेली एएओ जनरलिस्ट भरती 2019 मध्ये निघाली, मग थेट 2023 मध्ये, त्यानंतर 2025 मध्ये. खुल्या गटाची वयोमर्यादा 30. म्हणजे 2019 ला सत्तावीस वर्षांचा असलेला, मुलाखतीपर्यंत पोहोचून थोड्या गुणांनी राहिलेला मुलगा पुढच्या जाहिरातीच्या वेळी अर्जच भरू शकला नाही. बँकांच्या भरतीचं वर्षाचं वेळापत्रक आयबीपीएस आधीच जाहीर करते. तसं वेळापत्रक महामंडळानंही दर वर्षी द्यावं, आणि जागा थोड्या असल्या तरी जाहिरात दर वर्षी काढावी.