तळ्याकाठचे गवत

आज तळ्याकाठच्या गवताविषयी बोलू.

पावसाळा सरला की माळावरचे गवत वाळते. तळ्याचे पाणी मागे हटते. हिरवे गवत तेवढे काठावर उरते. मेंढ्या, म्हशी तिकडेच ओढ घेतात. आम्हीही म्हणत होतो, चरू द्या बिचाऱ्यांना. मग आमच्या मेंढ्या रोडावल्या. पापणी उलटून पाहिली, तर आत लाली नाही. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली. एक मेंढी मेली. डॉक्टरांनी ती चिरून दाखवली. कलेजीत, पित्ताच्या नळ्यांत, पानासारखे चपटे किडे! इंच-दोन इंच लांब.

हे तिथे गेले कसे? किड्याची अंडी शेणा-लेंडीतून पाण्यात पडतात. दोन-तीन आठवड्यांत फुटतात. आतली अळी पाणगोगलगायीच्या अंगात शिरते. गोगलगाय भेटली नाही, तर दिवसभरात मरते. भेटली, की एकीच्या शेकडो होतात. महिना-दोन महिन्यांनी त्या बाहेर पडतात, गवताला चिकटतात आणि भोवती कवच करून बसतात. गवताबरोबर पोटात गेल्या, की आतडे भेदून कलेजी गाठतात.

इंग्लंडात १८७९-८० साली या रोगाने सुमारे ३० लाख मेंढ्या गेल्या. त्यानंतर शोध सुरू झाला, आणि १८८३ पर्यंत गोगलगायीची ही चोरी पकडली गेली.

माणसालाही हा रोग होतो. आपल्याकडे क्वचित, इजिप्त, पेरू, बोलिव्हिया या देशांत पुष्कळ. पाण्यात, पाण्याकाठी उगवलेला पाला कच्चा खाल्ला, की अळी पोटात जाते. शिजवला की ती मरते. कलेजी खाऊन मात्र हा रोग लागत नाही. आमच्यातल्या कितीकांना उलटेच वाटत होते!

डॉक्टरांनी वजन पाहून साऱ्या कळपाला औषध पाजले. पण औषध पाजून पुन्हा त्याच काठावर सोडले, तर काय उपयोग? म्हणून काठाला काटेरी कुंपण घातले. जनावरांना पाणी हौदात देतो. शेण खड्ड्यात कुजवतो. तिथल्या उष्णतेने अंडी मरतात. काहींनी बदके पाळली, ती गोगलगायी खातात.

आमचे एक आजोबा कुरकुरले, "गवत डोळ्यांपुढं, आन् जनावर उपाशी?" त्यांचे काही चूक नाही. चैत्रात हिरवी काडी कुठे मिळते? आता काठचे गवत कापतो, उन्हात कडकडीत वाळवतो, मग घालतो. तसे वाळले, की बहुतेक अळ्या मरतात. मेंढ्या आधी तोंड फिरवतात, पण भुकेला खातात.