क्रांती चौकातला एक शब्द

(क्रांती चौकाजवळ भरलेल्या युवक शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'सर, भाषेवर काहीतरी बोला, पण मुलांना झोप येईल असं नको.' मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. जेवणानंतरच्या तासाला उघड्या डोळ्यांनी झोपणारी मुलं मला लांबून ओळखू येतात, तेव्हा मागच्या रांगेने सांभाळून राहावं.

आज मी एकाच इंग्रजी शब्दावर बोलणार आहे. रिव्होल्यूशन. आपण इथे येताना रिक्षावाल्याला जो पत्ता सांगितला, त्यातच तो मराठीत बसलेला आहे. दुसरं कारण घरचं आहे. मागच्या वर्षी माझा भाचा स्कॉलरशिपच्या मोर्चाला निघाला. इंजिनिअरिंगला आहे, पैसे अडकले होते, वर्गातली सगळीच मुलं जाणार होती. मोर्चा याच चौकातून निघणार होता. सकाळी आपाचा, म्हणजे त्याच्या आईचा मला फोन. 'तू त्याला सांग. जाना है तो जा, बाकी सब बोल, पन इन्किलाब मत बोल. क्रांती बोल.' मी विचारलं, 'आपा, दोन्हींचा अर्थ एकच आहे ना?' ती म्हणाली, 'अर्थ एकच असंल. व्हिडिओ एकच नसतो.'

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी सायन्सचा माणूस, म्हणून शब्द खोलून बघायला बसलो.

हा शब्द मला पहिल्यांदा चाचांच्या गॅरेजमध्ये भेटला. गाडीचा स्लो सेट करताना चाचा कार्ब्युरेटरचा स्क्रू पावपाव फिरवायचे, कान इंजिनाकडे लावून म्हणायचे, 'आरपीएम जास्त आहे.' आरपीएममधला आर म्हणजे रिव्होल्यूशन, एका मिनिटात किती फेरे, हे चाचांना माहीत नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नाही. आपल्या पाणचक्कीचं जातं नहरीच्या पाण्यावर फिरायचं, तेही रिव्होल्यूशनच. फेरा मारायचा आणि परत त्याच जागी यायचं.

मग शाळा. मी उर्दू माध्यमाचा. भूगोलात पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्याला आमच्याकडे 'गर्दिश' म्हणत. मराठी माध्यमात तेच 'परिभ्रमण'. पुढे कॉलेजात इंग्रजीतून फ्रेंच रिव्होल्यूशन समोर आलं, तेव्हा मी वहीत इमानदारीने लिहिलं, 'फ्रान्सची गर्दिश.' सरांनी वही वर्गात वाचून दाखवली. गर्दिश म्हणजे आपल्याकडे वाईट दिवस, साडेसाती. फ्रान्सच्या राजाच्या बाजूने पाहिलं तर मी फारसं चुकलो नव्हतो.

शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ मागे फिरवणं, गुंडाळणं. रिव्हॉल्वर हा त्याचाच चुलतभाऊ, गोळ्यांचं चाक फिरतं म्हणून. १५४३ साली कोपर्निकसचं पुस्तक आलं, त्याच्या लॅटिन नावातच हा शब्द आहे, आकाशातल्या गोलांच्या फेऱ्यांसाठी. त्याने पृथ्वीला मध्यातून उचललं आणि सूर्याला तिथे ठेवलं. हे पाठ्यपुस्तकात असतं. पण ग्रहांच्या गती बसवताना त्याने जी भूमितीची युक्ती वापरली, वर्तुळात फिरणाऱ्या वर्तुळांतून सरळ रेषेतली हालचाल काढायची, तीच युक्ती तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसीने मांडली होती. दमास्कसच्या मशिदीत नमाजाच्या वेळा काढणाऱ्या इब्न अल-शातिरने केलेली चंद्राची मांडणी आणि कोपर्निकसची जवळजवळ सारखीच आहे. ती तिकडे कशी पोहोचली, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. म्हणजे ज्या पुस्तकाला लोक विज्ञानातली पहिली मोठी क्रांती म्हणतात, त्यात आपल्या ओळखीचे दोन हात आहेत. हे छाती फुगवायला सांगत नाही. ज्याला वाटतं की शब्द आणि कल्पना एकाच घरात जन्मतात आणि तिथेच म्हाताऱ्या होतात, त्याच्यासाठी सांगतोय.

आता गंमत बघा. राजकारणात आला तेव्हाही या शब्दाचा अर्थ 'परत येणं' असाच होता. १६६० साली इंग्लंडमध्ये राजेशाही परत आली, त्या परतण्यालाही रिव्होल्यूशन म्हटलं गेलं. १६८८ साली राजा बदलला, तेव्हाही लोकांना वाटत होतं की आपले जुने हक्क जागेवर आले. १७८९ नंतर फ्रान्समध्ये अर्थ पुरता उलटला. आता रिव्होल्यूशन म्हणजे जुनं परत कधीच येणार नाही ते. चाक तेच, पण गोल फिरायचं सोडून रस्त्याला लागलं.

आणि मराठीतली 'क्रांती'? पंचांग उघडा. भारतीय ज्योतिर्गणितात क्रांती म्हणजे सूर्य किंवा ग्रह विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंशांवर आहे ते. सूर्याच्या वाटेला म्हणतात क्रांतिवृत्त. संक्रांत त्याच घरातली. तिळगूळ गोड असला तरी मराठीत 'माझ्यावर संक्रांत आली' म्हणजे काय होतं, तुम्हाला माहीत आहे. तिकडे गर्दिश, इकडे संक्रांत. आकाशातलं काही फिरलं की आपल्याला दोन्ही भाषांत धास्तीच.

राहिला इन्किलाब. अरबी मूळ क-ल-ब, उलटणं, पालटणं. हृदयाला कल्ब म्हणतात, तेही याच मुळातून. आणि अरबीत जून आणि डिसेंबरमधल्या त्या दोन दिवसांना, जेव्हा सूर्य उत्तरेचं किंवा दक्षिणेचं टोक गाठून परत फिरतो, इन्किलाबच म्हणतात. हे कळलं तेव्हा मी चहा बाजूला ठेवला. रिव्होल्यूशन, क्रांती, इन्किलाब, तिन्ही शब्द आकाशातून उतरून रस्त्यावर आलेले.

रस्त्यावर आल्यावर मात्र प्रत्येकाचं नशीब वेगळं. तुमच्यापैकी कुणी गल्फला गेलं, तर अरब मित्रासमोर हा शब्द जपून वापरा. आजच्या अरबीत इन्किलाब म्हणजे लष्कराने सत्ता बळकावणं. जनतेच्या उठावाला ते 'सौरा' म्हणतात. इराणात मात्र १९७९ च्या क्रांतीला इन्किलाबच म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाने एका देशात लोक रस्त्यावर येतात आणि शेजारी रणगाडे. जाहिरातवाल्यांचं मी सोडून देतो, त्यांच्याकडे दर सहा महिन्यांनी साबणात क्रांती होते.

आता बाहेरच्या चौकाकडे येऊ. शहराचं नाव काय म्हणायचं, त्या वादात मी आज जात नाही. पण या भागाचं जुनं नाव काला चबुतरा. जून १८५७ मध्ये इथल्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटचं घोडदळ होतं. आम्ही दख्खन सोडून दिल्लीच्या बादशहावर चाल करणार नाही, असं शिपाई म्हणू लागले. बाहेरून फौज आली. मीर फिदा अली या दफेदाराने आपल्या इंग्रज कप्तानावर गोळी झाडली, त्याला फाशी झाली. आणखी कित्येकांना याच परिसरात मारण्यात आलं. जमादार चिदा खान आणि काही साथीदार हैदराबादला निसटले, तिथे पकडून इंग्रजांच्या हवाली केले गेले. त्यांच्या सुटकेसाठी १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर हल्ला चढवला. हैदराबादच्या इतिहासातल्या त्या पानाची सुरुवात आपल्या छावणीत आहे.

या माणसांना इंग्रजांनी म्यूटिनीवाले म्हटलं. उर्दूत गदर म्हटलं गेलं, आणि अरबीत गदर म्हणजे दगाबाजी. मराठीत बंड. विष्णुभट गोडशांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं, त्या 'माझा प्रवास'लाही बंडाची हकीकतच म्हणतात. क्रांती हा शब्द त्यांच्या वाट्याला फार उशिरा आला. त्यांना तो ऐकायला मिळाला नाही.

आणि ती घोषणा. 'इन्किलाब झिंदाबाद' १९२१ च्या सुमारास मौलाना हसरत मोहानींनी दिली. गुलाम अलींच्या आवाजात तुम्ही जी गझल ऐकता, ती लिहिणारे हेच. ते हज करायचे, कृष्णाच्या प्रेमाने मथुरेलाही जायचे, आणि पुढे संविधान सभेत बसले. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी असेंब्लीत तीच घोषणा दिली. तेव्हाही तिच्या अर्थावरून भांडण झालंच. 'मॉडर्न रिव्ह्यू'चे संपादक रामानंद चॅटर्जी यांनी टीका केली, की क्रांती चिरायू होवो म्हणजे काय, कायमची अंदाधुंदी? डिसेंबरमध्ये तुरुंगातून त्या दोघांनी उत्तर लिहिलं. उपोषणात गेलेल्या जतीन दासचा जयजयकार करताना तो देहाने जिवंत राहावा असा अर्थ नसतो, त्याचा ध्येयवाद टिकावा असा असतो, तसंच इथे. शब्दकोशातला अर्थ घेऊन भांडू नका, लोक तो कशासाठी वापरतात ते बघा, असा त्या पत्राचा रोख.

हे सगळं मी आपाला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'भगतसिंगला कुणी विचारलं नाही की हा शब्द कुठल्या भाषेतला आहे.'

तिचं चुकत नाही. याच चौकातून ९ ऑगस्ट २०१६ ला मराठा क्रांती मोर्चांमधला पहिला मोर्चा निघाला, घोषणा न देता. लाल बावट्याचे कामगार याच चौकात पोटभर 'इन्किलाब झिंदाबाद' म्हणतात आणि घरी जाऊन निवांत जेवतात. माझ्या भाच्याने तेच म्हटलं तर त्याची आई दाराशी उभी राहते. शब्द तोच, मोबाईलचा कॅमेरा तोच. हा अर्थ कुठल्याच कोशात नाही, आणि त्याला घाबरणाऱ्या बाईला मी कोश कसा वाचून दाखवू?

मी भाच्याला फोन केला, पण काय म्हण आणि काय म्हणू नको, हे सांगितलं नाही. फक्त म्हटलं, 'कुणी विचारलंच, तर हसरत मोहानी आणि भगतसिंग ही दोन नावं तोंडपाठ ठेव.' तो म्हणाला, 'मामू, आधी स्कॉलरशिपचा जीआर तोंडपाठ करू दे.'

संध्याकाळी तो घरी आला. आपाने दारातच विचारलं, 'क्या बोला रे?' त्याने तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. घसा पार बसला होता. ती काही बोलली नाही, हळदीचं दूध तापवायला आत गेली.