ई-मेल पोचतो तो संमतीने

ग्राहकांना जाहिरातीचे ई-मेल पाठवणाऱ्या व्यावसायिकांची एक नेहमीची तक्रार असते: मेल जातात, पण स्पॅममध्ये पडतात. मग विषयाची ओळ बदला, ‘मोफत’ हा शब्द गाळा, असे उपाय सुचवले जातात. माझ्या मते दुखणं वेगळं आहे. घेणाऱ्याला तो मेल हवा होता का, यावरच बरंचसं ठरतं. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून लागू केलेले नियम पाहा. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5,000 किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही व्यवस्था लावाव्या लागतात. तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे एसपीएफ जाहीर करतं. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं. आणि या तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं, हे डीमार्क सांगतं. पण एवढ्याने फक्त ओळख पटते. म्हणून आणखीही अटी आहेत: यादीतून एका क्लिकवर बाहेर पडता आलं पाहिजे, ती विनंती दोन दिवसांत पाळली पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांपर्यंत जाता कामा नयेत. म्हणजे हजारात तिघांनी ‘स्पॅम’ म्हटलं, तरी पाठवणाऱ्याची पत धोक्यात येते.

यावर कोणी म्हणेल, बाहेरची वाट इतकी सोपी केली तर यादीच आटेल. आटू द्या. ज्याला ती वाट सापडत नाही तो स्पॅमचं बटण दाबतो, आणि त्याची किंमत तुमचा मेल आवडीने वाचणाऱ्या ग्राहकापर्यंत पोचते. त्याचाही मेल अडतो. विकत घेतलेल्या याद्या तर सर्वांत महाग पडतात, कारण त्यांत बंद पडलेले पत्ते असतात, आणि त्यांतले काही स्पॅम पकडण्यासाठीच सापळा म्हणून ठेवलेले असतात. दुसरा आक्षेप असा, की दोन-तीन बड्या कंपन्यांनी सगळ्यांसाठी नियम का ठरवावेत? या सत्तेवर लक्ष ठेवायलाच हवं. पण नकोशा मेलचा राग या कंपन्यांनी निर्माण केलेला नाही. मे 1978 मध्ये गॅरी थ्यूर्क या विक्रेत्याने अर्पानेट या इंटरनेटपूर्व जाळ्यावरच्या सुमारे 400 जणांना संगणकाची जाहिरात न विचारता पाठवली, तेव्हाही तक्रारी झाल्याच होत्या. म्हणून पुढची मोहीम आखण्याआधी तांत्रिक बाजू पक्की कराच, पण वर्षभरात एकदाही प्रतिसाद न दिलेल्यांना ‘पुढेही मेल पाठवू का?’ असं सरळ विचारा, आणि होकार आला नाही तर त्यांची नावं काढून टाका. उरलेली यादी लहान असेल, पण तिच्यातला प्रत्येक जण तुमचं ऐकायला स्वतःहून थांबलेला असेल.